पॉइंटरची हरकत

अब्बांनी वही कापडी पिशवीत घातली, पिशवी फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवली आणि मला म्हणाले, "बस बेटा, अब तू कर. मेरा हात गया."

मी शाळेतून नुकतीच आले होते. खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती, घटक चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा हातात तसाच होता. मी विचारलं, "हात गेला म्हणजे काय अब्बा?"

"वो तीर मेरी नहीं सुनता."

तीर म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावरचा बाण, माऊसचा पॉइंटर. अब्बा त्याला पहिल्या दिवसापासून तीर म्हणतात. गेले काही दिवस हा तीर चालता चालता मध्येच थांबायचा, आणि थांबला की एकदम उडी मारून भलत्याच रकान्यात जाऊन पडायचा.

अब्बांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर एका बाणासाठी एवढं का लिहिलं ते कळणार नाही. सोलापुरात आणि आसपासच्या गावांत त्यांनी ३४ वर्षं उर्दू शाळांत शिकवलं. अक्षर असं की मोहल्ल्यातल्या लग्नपत्रिकांचा मजकूर छापखान्यात जाण्याआधी आमच्या घरी यायचा. नस्तालीक लिहिताना अक्षर नुकत्यांनी मोजतात. नुकता म्हणजे त्याच कलमाच्या टोकाने उमटवलेला चौकोनी ठिपका. अलिफ किती नुकते उंच, बेचं पोट किती नुकते लांब, हे अब्बा आम्हा भावंडांना पाटीवर ठिपके देऊन दाखवायचे. "हात पक्का है" ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी. ती मला आयुष्यात दोनदा मिळाली.

आणि ती वही. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या मुलांना मराठी जड जातं हे सगळे सांगतात. मात्र त्यांना नवे शब्द तितके पाडत नाहीत जितके ओळखीचे शब्द पाडतात, हे फारसं कुणी सांगत नाही. एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, 'माझ्या भावाची तालीम पुण्यात झाली.' मराठी वाचणाऱ्याला वाटेल भाऊ पैलवान आहे. बिचारा तिथे डी.एड. करून आला होता! उर्दूत शिकस्त म्हणजे हार, मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. उर्दूतला राजीनामा म्हणजे दोघांतला समझोता, मराठीत तो दिला की नोकरी संपते. खुलासा उर्दूत सारांश, मराठीत मुख्याध्यापक मागतात तो. असे शब्द अब्बांनी निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं टिपून ठेवले, ६४० भरले. ते उर्दूच्या वर्णक्रमाने लावून, टाइप करून, आमच्या आठवी-नववीच्या मुलांच्या हातात द्यायचे, असं आमचं बाप-लेकीचं ठरलं होतं. टायपिंग अब्बाच करणार. "शब्द माझे, हात माझा," असा त्यांचा हट्ट.

मशीनच्या नस्तालीकबद्दल त्यांची नाराजी जुनी आहे. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी हाताने लिहिलेले हजारो अक्षरजोड संगणकात बसवून नूरी नस्तालीक तयार केलं, तेव्हापासून कातिबांच्या हातातलं काम सुटत गेलं. अब्बा म्हणतात, खत उत्तम आहे, पण प्रत्येक वेळी तेच. तरीही शिकले. सत्तरी ओलांडल्यावर कीबोर्ड शिकले.

या कामात माऊस लागतोच. तक्त्यात तीन रकाने, एक उर्दू शब्दाचा, एक उर्दू अर्थाचा, एक मराठी अर्थाचा. एक ओळ उजवीकडून डावीकडे जाते, दुसरी डावीकडून उजवीकडे. कीबोर्डवरच्या बाणांच्या बटणांनी त्यातून वाट काढायची म्हटलं तर हद्दीवर कर्सर उलटा पळतो. माऊसने हव्या त्या घरात टिचकी मारणं सोपं. म्हणजे बाण सोपा असेल तर.

आता हाताचं. वर्षभरापूर्वी चहाचा कप बशीवर वाजायला लागला होता. डॉक्टरांनी अब्बांना कागदावर आतून बाहेर गोल गोल जाणारी रेघ काढायला लावली, शंखावर असते तशी. मांडीवर हात ठेवून बसवलं, मग हात पुढे धरायला सांगितले. म्हणाले, हात काही करायला गेला की हलतो, स्वस्थ असताना हलत नाही, त्यामुळे हा कंपवात वाटत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. सहा महिने होऊन गेले, अब्बा टाळत राहिले. त्याला कारण होतं. बडे अब्बांना कंपवात होता. शेवटची काही वर्षं त्यांना घास भरवताना अब्बांनी पाहिलं होतं, स्वतः भरवला होता.

तर बाण अडखळायला लागला तेव्हा अब्बांना लॅपटॉपवर शंका आलीच नाही. त्यांना वाटलं, आला आपल्याकडेही.

आणि खरं सांगायचं तर मलाही लॅपटॉपवर शंका आली नाही. हे लिहायला लाज वाटते. दोन-तीनदा त्यांनी "बाण थांबतो गं" असं म्हटलं होतं, आणि मी भाजी चिरता चिरता "हळू करा अब्बा, घाई करू नका" असं उत्तर दिलं होतं. वर्गात एखादा मुलगा अडखळत वाचतो तेव्हाही आपण हेच म्हणतो.

वही फडताळात गेली त्याच रात्री मला शाळेची एक ऑनलाइन माहिती भरायची होती. माझा लॅपटॉप धाकट्याकडे होता, म्हणून अब्बांचा उघडला. नाव, यूडायस क्रमांक, पटसंख्या. 'जतन करा'च्या बटणाकडे बाण नेला तर तो वाटेत थांबला. मी माऊस आणखी सरकवला. बाण उडी मारून पडद्याच्या कोपऱ्यात गेला.

माझा हात तर थरथरत नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने तो उघडला, एक-दोन खिडक्या पाहिल्या आणि निकाल दिला, "मॅडम, याला ग्राफिक कार्डच नाही. ऑनबोर्ड आहे. अडकणारच. नवीन घ्या, चाळीसच्या आत बसवून देतो."

घरी येताना रिक्षात मी त्या 'ऑनबोर्ड'चाच विचार करत होते. पुढे त्याबद्दल जे वाचून आणि विचारून कळलं ते सांगते, कारण हा निकाल अनेकांना मिळतो. महागड्या, खेळांच्या लॅपटॉपमध्ये चित्र काढायची चिप वेगळी असते आणि तिची स्वतःची मेमरी असते. आपल्या साध्या लॅपटॉपमध्ये ती मुख्य प्रोसेसरच्याच पोटात असते. तिची चूल वेगळी नाही, सगळ्यांसाठी जी मेमरी आहे त्यातूनच ती आपला वाटा घेते. म्हणून मोठे खेळ, व्हिडिओची जुळणी असल्या कामाला ती कमी पडते. मेमरीची एकच पट्टी असेल तर दुसरी टाकून थोडा फरकही पडतो. इथपर्यंत दुकानदाराचं बरोबर होतं. पण बाण हलवणं हे काम इतकं क्षुल्लक आहे की त्यात ती चिप दमत नाही. उलट बाणासाठी तिच्यात वेगळी सोय असते. पडद्याचं चित्र एकीकडे तयार होतं, आणि ते पडद्याकडे जाताना बाणाचं छोटंसं चित्र त्याच्यावर अलगद ठेवलं जातं. बाण हलला की खालचं सगळं चित्र पुन्हा काढावं लागत नाही, बाणाची जागा तेवढी बदलते. म्हणून ब्राउजर गोठला, फाइल उघडेना, तरी बाण बहुतेक वेळा मोकळा फिरत राहतो. तुम्हीही हे पाहिलं असेल. मग सगळं नीट चालू असताना बाणच अडखळत असेल, तर चिप दुबळी आहे एवढ्यावर ते भागत नाही.

बी.एड.ला आम्हाला निदानात्मक चाचणी शिकवली होती. मुलाला भागाकार येत नाही असं नुसतं म्हणायचं नाही. पाढे येत नाहीत, की वजाबाकी चुकते, की शून्य लिहायचं राहतं, ते शोधायचं. त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट तपासणारे प्रश्न द्यायचे. पदवी घेतली तेव्हा ते पाठ करून लिहिलं होतं. वर्गात साठ मुलं असली की कोण करतं!

पहिला प्रश्न डॉक्टर विचारतात तोच, कधीपासून? अब्बांना विचारलं तर म्हणाले, "बहुत दिन हुए." मग मला वही आठवली. अब्बा वहीच्या शेवटच्या पानांवर रोजची हजेरी मांडतात. तारीख आणि त्या दिवशी किती शब्द टाइप झाले तो आकडा, उर्दू अंकांत. मी पिशवी खाली काढली.

१४, १२, १५, १३. असे तीन आठवडे. मग एका तारखेपासून ८, ७, ७, ६. बारा दिवस. मग आणखी एका तारखेपासून ३, २, २, १. आणि शेवटी पाच दिवस एकच शब्द, 'नागा'.

मी त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिले. ते पाच नागे माझ्या स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर पडले होते. आकडे कमी होत अक्षरही बारीक होत गेलं होतं. मात्र त्यात एक गोष्ट दिसली. आजार असा पायरी उतरल्यासारखा उतरत नाही. १३ चे एका रात्रीत ८, आणि ६ चे एका रात्रीत ३. दोन पायऱ्या होत्या, म्हणजे काहीतरी दोनदा घडलं होतं.

पहिली तारीख धाकट्याला दाखवली. तो अकरावीला आहे, कॉम्प्युटरचं सगळं येतं असं त्याचं मत आहे. तो म्हणाला, "अम्मी, त्याच दिवशी तर मी हार्ड डिस्क लावली." नानांची फाइल कधी गेली तर काय, म्हणून रोज तिची नक्कल बाहेरच्या डिस्कवर आपोआप व्हावी अशी सोय त्याने करून दिली होती. डिस्क कायम लॅपटॉपच्या उजव्या बाजूला जोडलेली. तिच्या शेजारच्याच खाचेत बिनतारी माऊसचा नखाएवढा रिसीव्हर.

डिस्क काढली. बाण पाण्यासारखा वाहायला लागला. डिस्क जोडली. थांबला, उडी, थांबला. तीनदा करून पाहिलं. धाकटा म्हणाला, "पण यांची वायर तर एकमेकांना जोडलेलीच नाहीये!"

नाहीच. तोच तर घोळ. असे बिनतारी माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलतात. वायफायचा एक पट्टाही तिथेच आणि ब्लूटूथही तिथेच. आणि निळ्या खाचेतून चालणारं यूएसबी ३, म्हणजे ती भरभर चालणारी डिस्क आणि तिची वायर, नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट सोडते. इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर तांत्रिक टिपण काढलं होतं, आणि रिसीव्हर अशा उपकरणापासून दूर ठेवा असंच त्याचं सांगणं होतं. माऊस सेकंदाला शंभराहून जास्त वेळा आपण किती सरकलो ते कळवत असतो. त्यातल्या काही हाका गोंगाटात बुडाल्या की बाण तिथेच उभा राहतो, आणि पुढची हाक ऐकू आली की तिथे उडी मारतो. लाऊडस्पीकर लावलेल्या मांडवाशेजारी उभं राहून फोनवर बोलण्यासारखं.

उपाय साधा होता. यूएसबीची एक मीटरची वायर आणली आणि रिसीव्हर डाव्या बाजूने टेबलाच्या पुढच्या कडेला, माऊसजवळ नेऊन ठेवला. डिस्क जागच्या जागी. ज्या डिस्कने अब्बांचे शब्द सांभाळायचे होते तीच त्यांच्या हाताला अडवत होती, हे ऐकून धाकटा दिवसभर गप्प होता. मी म्हटलं, तुझी चूक नाही रे. खरंच नव्हती.

मला वाटलं, झालं. अब्बांना हाक मारली. ते आले, माऊसला हात लावला नाही. लॅपटॉप उचलून ओसरीवर बाजेवर नेला आणि तिथे मांडीवर घेऊन टचपॅडवर बोट फिरवलं. बाण थांबला, पुढे गेला, थांबला. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

म्हणजे बाराव्या दिवसानंतर हेच झालं होतं. माऊस ऐकत नाही म्हणून अब्बांनी माऊस सोडून दिला होता, दुपारी ओसरीवर गार वाटतं म्हणून तिथे बसून टचपॅडवर बोटाने काम चालवलं होतं. जेमतेम चाललं होतं, सात-आठ शब्दांचं. आणि मग दुसरी पायरी.

इथे माझी अक्कल संपली. जे सुचलं ते केलं. चाळीस उघडे टॅब बंद केले. काही नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेच्या नावाखाली चिपचं खरं नाव दिसतंय ना ते पाहिलं, कारण ड्रायव्हर नसेल तर तिथे नुसतं बेसिक असं काही दिसतं आणि मग पडद्याचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. नाव बरोबर होतं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर काळा होऊन येतो. आला, पण बाण होता तसाच. शेवटी पुण्याला एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. माझ्याकडे सातवीत होता, मराठीत काठावर पास, आता संगणकाच्या कंपनीत आहे.

"सलाम वालेकुम मॅडम," म्हणाला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, "चार्जर लावल्यावरही असंच होतं का?"

हे मी पाहिलंच नव्हतं. चार्जरची वायर ओसरीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे तिथे काम नेहमी बॅटरीवर. आत आणून चार्जर लावला, तर ते थांबणं बंद. वायर काढली, थांबणं सुरू.

"मग वीज वाचवायच्या कुठल्या तरी सोयीमुळे आहे," तो म्हणाला. आणि हे त्याने समजावलं ते मला फार आवडलं. पडदा सेकंदाला साठ वेळा नवं चित्र मागतो. पण आपण वाचत बसलो असलो तर चित्र बदलतच नाही. मग तेच तेच चित्र चिपने पुन्हा पुन्हा कशाला पाठवायचं? म्हणून काही पडद्यांना स्वतःची थोडी आठवण दिलेली असते. शेवटचं चित्र पडदा स्वतःच धरून ठेवतो आणि चिप डुलकी घेते. याला पॅनेल सेल्फ रिफ्रेश म्हणतात. लॅपटॉपच्या पडद्यांच्या जोडणीचं जे प्रमाण आहे त्यात ही सोय २०११ मध्ये आली. आपण बोट हलवलं की चिपने जागं होऊन पुन्हा काम हाती घ्यायचं. हे इतक्या झटकन व्हायला हवं की आपल्याला कळूही नये. पण पडदा आणि ड्रायव्हर यांचं जमलं नाही, तर चिप डोळे चोळत उठते, तोवर बाण जागेवरच. थांबून थांबून काम करणाऱ्याला हा त्रास जास्त. भरभर काम करणाऱ्याची चिप झोपतच नाही.

अब्बा प्रत्येक शब्दाआधी वहीत बघतात, चष्मा वर करतात, मग बोट ठेवतात. प्रत्येक शब्दाआधी चिप झोपत होती.

अपडेटचा इतिहास उघडला. ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर आपोआप येऊन बसला होता, अब्बांच्या ६ आणि ३ या आकड्यांच्या मधल्या रात्री. ग्राफिक्सच्या ॲपमध्ये सिस्टीम, मग पॉवर, मग बॅटरीवर असतानाचे पर्याय, तिथे ती सोय सापडली. बंद केली. विद्यार्थ्याने बजावलं होतं की एका वेळी एकच बदल करा मॅडम, आणि तो लिहून ठेवा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. (मराठीत काठावर पास. बघा.) ओसरीवर गेले, बाजेवर बसले. बाण न थांबता फिरला. बॅटरी थोडी लवकर उतरेल, उतरू दे.

तिसरी भानगड मी शोधली नाही, ती आपली आपण सापडली. रात्री अब्बा आत टेबलाशी चार्जर लावून बसले आणि टचपॅडवर बोट ठेवून मला म्हणाले, "अब देख. ये तो मेराच हाथ है ना?" बाण थांबत नव्हता, उड्या मारत नव्हता. तो बारीक थरथरत होता. अगदी चहाच्या कपासारखा.

माझ्या पोटात गोळा आला. मी त्यांचा हात बाजूला केला आणि माझं बोट ठेवलं. नुसतं ठेवलं, हलवलं नाही.

बाण थरथरला.

"अब्बा," मी म्हटलं, "माझाही हात गेला."

ते आधी माझ्या बोटाकडे बघत राहिले, मग बाणाकडे. मग धाकट्याला हाक मारली. त्याचं बोट ठेवलं. सोळा वर्षांच्या पोराचा बाणही थरथरला. चार्जर काढला, थरथर थांबली. लॅपटॉप स्वयंपाकघरात नेऊन मिक्सरच्या प्लगला चार्जर लावला, थरथर नाही. पुन्हा टेबलाशी आलो, थरथर. अब्बा त्या रात्री आमच्याबरोबर तीन खोल्या फिरले, सॉकेट शोधत.

सकाळी वायरमन आला. टेबलाजवळच्या सॉकेटला वरचं तिसरं भोक होतं, पण मागे अर्थिंगची वायरच नव्हती. जुन्या घरांत हे सर्रास असतं. टचपॅड आपलं बोट ओळखतं ते बोटातल्या विजेच्या अगदी बारीक फरकावरून. चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट जमिनीत जायला वाट नसली की तो त्या मोजमापातच मिसळतो, आणि स्थिर बोटही टचपॅडला हलतं वाटतं. लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून बोट फिरवलं की झिणझिण्या येतात अशी तक्रार अब्बांनी मागे केली होती. तेव्हा मी काय उत्तर दिलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. अर्थिंग घातलं. साडेतीनशे रुपये, आणि एक चहा.

दुकानदाराला यातलं काही सांगायला गेले नाही. त्यानेही फार विचार न करता निकाल दिला होता, मीही तसाच दिला होता, आणि माझ्यासमोर तर माणूस होता.

सगळं नीट झाल्यावर अब्बा माऊस घेऊन बसले तेव्हा मी मागे उभी होते. बाण आता त्यांच्या हाताचं ऐकत होता, अगदी जसंच्या तसं. आणि त्यात एक बारीक कंप होता. बटणापाशी पोचता पोचता बाण किंचित डोलत होता, जसा कप डोलतो. तो लॅपटॉपचा नव्हता. अब्बांनाही ते दिसलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मग मी त्यांच्या शेजारी बसून आणखी चार गोष्टी केल्या. माऊसच्या सेटिंगमध्ये बाणाचा वेग कमी केला. हात झटक्यात हलला तर बाण जास्त पळवणारी एक सोय असते, तिची खूण काढली. बाण मोठा आणि काळा केला. विंडोजमध्ये क्लिकलॉक म्हणून एक पर्याय आहे, डावं बटण क्षणभर दाबून धरलं की ते दाबलेलंच समजलं जातं, मजकूर निवडताना बोट दाबून ठेवावं लागत नाही. तो लावला. घरातल्या कुणाचा हात हलत असेल तर हे करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. डॉक्टरांकडे जायचंही मी काढलं. अब्बा म्हणाले, "जीम खतम होने दे." मी म्हटलं, जीमला अजून २१ शब्द आहेत. म्हणाले, "तो फिर दो दिन."

तीन दिवस लागले. जीम संपला, चे संपला, मोठा हे सुरू झाला. शेवटच्या पानावर पाच नाग्यांच्या खाली ९, ६, ११ असे आकडे पडले. तिसऱ्या दिवशी मी पेपर तपासत बसले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "बेटा, हरकत का मराठी में क्या लिखूँ?"

उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. अक्षरावरची जेर, जबर, पेश यांनाही हरकतच म्हणतात. मी सांगितलं, मराठीत हरकत म्हणजे आक्षेप, अडथळा.

"उल्टा ही हो गया," ते म्हणाले. चष्मा वर केला, बाण तिसऱ्या रकान्यात नेला, टिचकी मारली. थोडी डावीकडे पडली. पुन्हा मारली.

डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे, संध्याकाळी साडेपाचची. गोल रेघ काढायची सवय असावी म्हणून परवापासून अब्बा वहीच्या मागे ती काढून बघतात. मी बघितलं, पण मोजायला गेले नाही.